निर्धूर घर

"अजून एक पोतं टाक. कड दिसतीया," सासूबाई, तुळजाबाई, दारातून म्हणाल्या.

शालूने चुलीवर दुसरं पोतं पसरलं, त्यावर पाट ठेवला आणि पाटावर डाळीचा डबा. आता तिथे चूल आहे हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मागची काजळलेली भिंत तिने आदल्या दिवशीच चुन्याने पांढरी केली होती.

समोरच्या कट्ट्यावर गोबरगॅसची शेगडी चकचकत होती. चकचकायला काय झालं होतं तिला! घरात आल्यापासून तिच्यावर एक भाकरी भाजली नव्हती की कधी दूध उतू गेलं नव्हतं. पाहुणे आले की तिच्यावर चहा व्हायचा, पाहुणे गेले की तिच्यावर फडकं पडायचं.

बिबवेवाडीत पहिला गोबरगॅस बसवला तो शालूच्या सासऱ्यांनी, गेनबांनी. गोठ्यात म्हशी होत्या, शेणाला तोटा नव्हता. गोबरगॅस योजनेचे सर्जेराव म्हणाले, संडासही टाकीला जोडा, म्हणजे आपलं घर अख्ख्या तालुक्यात नमुन्याचं होईल. नमुन्याचं म्हटल्यावर गेनबा लगेच तयार झाले. टाकी बांधून झाली, निळी आच पेटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळी पांगल्यावर गेनबांनी गळ्यातल्या माळेला हात लावून बजावलं, "त्या आचंवरचं अन्न ह्या घरात कुणी खायाचं न्हाई."

मग त्या गॅसचं करायचं काय? तर गोठ्यात दुसरी शेगडी बसली आणि तिच्यावर म्हशींचं आंबोण शिजू लागलं. म्हशींना निळी आच आणि सुनेला ओल्या लाकडांचा धूर. काय म्हणावं या शहाणपणाला! त्यात टाकीत ओतायचा शेणकाला रोज सकाळी कालवायची तीही शालूच, कोपरापर्यंत हात बुडवून.

तिचं तिला काही वाटत नव्हतं. पण हेमा अडीच वर्षांची झाली होती आणि श्वास घेताना पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हिला धुरात ठेवू नका. छाती कायमची अधू होईल." शालूने नवऱ्याला सांगितलं. बजरंगने दुधाच्या किटल्या सायकलला अडकवत म्हटलं, "आबांम्होरं कोण बोलणार? तू बोलतीस का?"

आज तिने बोलायचं ठरवलं होतं. सासऱ्यांशी नाही. शनिवार पेठेतल्या एका महिला मंडळाच्या पद्मजाबाई 'निर्धूर घर' अशी पाटी द्यायला येणार होत्या. बाईमाणूस, शिकलेली, आणि गेनबा तर शहरातल्या माणसाचा शब्द खाली पडू देत नसत. त्या एकदा म्हणाल्या असत्या, तरी काम झालं असतं.

पद्मजाबाई आल्या. बरोबर सर्जेराव आणि एक फोटोवाला. त्यांनी हौसेने टाकी पाहिली, गोठा पाहिला आणि पदर सावरत स्वयंपाकघरात आल्या. शालूने काडी लावली. चहाला उकळी आली.

"वा! डोळ्यांत पाणी नाही, काजळी नाही. सुटलीस गं तू," पद्मजाबाई म्हणाल्या. कप घेऊन त्यांनी एक घोट घेतला. "चहाही फक्कड झालाय."

बाकीचे बाहेर ओसरीवर होते. शालूने मागे वळून पाहिलं आणि एका दमात बोलून टाकलं.

"बाई, म्या ह्याच्यावर रांधत न्हाई. चूल त्या पोत्याखाली हाय. पोरीला धूर सोसत न्हाई, डाक्टर म्हणत्यात छाती जाईल तिची. तुमी मामंजींना तेवढं सांगा. तुमचं ऐकत्याल ते."

पद्मजाबाईंनी पोत्याकडे पाहिलं, मग शालूच्या कडेवरच्या हेमाकडे. त्यांचा चेहरा खरंच कळवळला.

"अगं, पण का? एवढा चांगला गॅस असताना?"

"इटाळ व्हतो म्हणत्यात. टाकीला संडास जोडलाय न्हवं."

"कशाला जोडलाय?"

"टाकीला. त्याचाबी गॅस ह्यातच येतो."

दुसऱ्या घोटासाठी उचललेला कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. पद्मजाबाईंनी तो अलगद खाली घेतला.

"छे, छे. गॅसला कसला आलाय विटाळ! शास्त्र आहे ते," त्या म्हणाल्या आणि कप खिडकीत ठेवला.

"च्या घ्या की. निवंल."

"नको गं. सकाळपासून फार झालाय आज."

त्यांनी पदराच्या टोकाने ओठ पुसले. एकदा पुसले, मग पुन्हा पुसले. शालू बघत राहिली.

"मग सांगाल न्हवं मामंजींना?"

"सांगेन हं. सांगते ना," म्हणत पद्मजाबाई घाईने बाहेर पडल्या.

ओसरीवर त्या छान बोलल्या. धुरात पिचलेल्या मायबहिणींबद्दल बोलल्या, गेनबांसारख्या दूरदृष्टीच्या शेतकऱ्यांबद्दल बोलल्या. दाराआड उभी असलेली शालू एकेक शब्द कान देऊन ऐकत होती. आता सांगतील, मग सांगतील. तेवढ्यात पाटी गेनबांच्या हाती गेली आणि टाळ्या झाल्या. सर्जेरावांनी निघताना इथेच जेवून जायचा आग्रह केला, तर पद्मजाबाई म्हणाल्या, "आज माझा उपास आहे." लोका सांगे ब्रह्मज्ञान! जीप निघाली, तेव्हा त्यांनी शालूच्या दिशेने हात हलवला, पण नजर काही दिली नाही.

गेनबा पाटी छातीशी धरून आत आले. त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता.

"सूनबाई, सर्जेराव म्हणत व्हते, आता म्हैन्याला गावोगावची माणसं आपलं घर बघाया येणार. ही खोली अशीच ऱ्हायला पायजे, पांढरी सफेत. दर खेपेला ही पोत्यांची झकझक नको. तुझी चूल आपण गोठ्यामागच्या खोपटात मांडू."

खोपट म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि वर पत्रा. खिडकी नव्हतीच. धूर जायचा तो दारातूनच.

शालूने सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तिने असं कधी पाहिलं नव्हतं.

"मांडते," ती म्हणाली. "पर हेमी हितंच ऱ्हाईल. ह्या खोलीत. तिला तिकडं धाडायचं न्हाई कुणी."

"ऱ्हाऊ दे की. माझी नात हाय, पाहुण्यांत शोभंल," गेनबा हसत म्हणाले.

तिन्हीसांजेला शालूने खोपटात विटा रचल्या, लाकडं लावली. स्वयंपाकाला बसण्यापूर्वी हेमाला पांढऱ्या खोलीत बसवून पुढ्यात शेंगदाण्यांची वाटी दिली आणि सांगितलं, "हितंच बसायचं. आय आत्ता येती." दाराला बाहेरून कडी घालावी असं एकदा तिच्या मनात आलं, पण तिचा हात होईना.

फुंकणीने फुंकून जाळ धरला आणि खोपट धुराने भरलं. पहिली भाकरी तव्यावर पडली न पडली तोच दारात आवाज झाला. हेमा वाटी तिथेच टाकून, अंगण ओलांडून, आईला शोधत आली होती. पिठाचे हात तसेच पुढे करून शालू ओरडली, "जा गं बाई! माघारी जा!"

पोर हसली, आणि खोकत खोकत येऊन आईच्या मांडीवर बसली.