नैवेद्याचं ताट

बोरघाटातली आगगाडी नवी होती, तेव्हाची गोष्ट. भिसेगावच्या देवळाचा नामा गुरव बायको गेल्यापासून एकटाच राहत असे. घराघरांतून येणारा खिरीचा, गूळभाताचा नैवेद्य हेच त्याचं जेवण. तो आणणाऱ्या बायका घटकाभर पायरीवर टेकत, तेवढीच त्याला माणसांची सोबत.

नजर अंधुक झाली, तेव्हा त्यानं समईच्या काजळीला दोष दिला. कर्जतच्या वैद्यबुवांनी मात्र भलतंच विचारलं, "लघवीला मुंग्या लागतात का रे?"

"लागतात की. लई वर्सं झाली."

"मग ऐक. असे दोघं मी पाहिलेत. मधुमेह जुना आणि तोंडचं गोड सुटेना, त्यांची नजर गेली. तुझी उरलीय तेवढी सांभाळ. नाचणीची भाकरी खा."

दुसऱ्या दिवशी चंद्राबाई खीर घेऊन आली. नामानं हात मागे घेतला. "देवाला दाखव नि घरी ने गं. मला गोड चालत नाय."

"अरं वा! साऱ्या गावाची खीर पचली, नि माझीच बरी कडू लागली!"

"तसं नाय गं. डोळे जातील माझे. बस ना जरा."

"नैवेद्य परत न्यायचा नि वर बसायचं?" ती ताट उचलून निघाली.

तिचं हिरवं लुगडं निम्म्या वाटेतच धूसर होऊन विरलं. उद्या पाटलांच्या घरचं ताट यायचं होतं. त्यांनाही नाहीच म्हणायचं, असं ठरवून नामानं रिकामी पायरी झाडली.