आपली चूक आपण सांगायची

सिंगापूरच्या हौगांगमधल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटला लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार होतं. तसं ते तिथल्या प्रत्येक घराला असतं. फरक एवढाच, की शेजारपाजारचे लोक चोर आत येऊ नये म्हणून कुलूप लावायचे, आणि मेश्रामांच्या घरी म्हातारा बाहेर जाऊ नये म्हणून. म्हातारा म्हणजे कमांडर भीमराव मेश्राम, भारतीय नौदलातून निवृत्त. पंच्याऐंशी गाठली तरी पाठ ताठ आणि दाढी रोज गुळगुळीत. आणि गंमत बघा, हे कुलूप त्यांनी स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं होतं.

त्यासाठी माणूस कोण ते आधी सांगायला हवं. उमरेडजवळच्या खेड्यातला हा मुलगा. विशीपर्यंत गावच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. तो नौदलात जातो काय, आणि तिथंही विमानात बसतो काय! त्यांची आई शेवटपर्यंत विचारायची, "पोरगं जहाजावर आहे की विमानात, एक काय ते नक्की सांगा." दोन्हीकडे होतं. आपल्याकडे जहाजावरून विमानं उडायला लागली, त्या सुरुवातीच्या तुकड्यांमधले ते वैमानिक. अलिझे नावाचं पंख्याचं विमान, आत तीन माणसं, काम समुद्रात पाणबुड्या हुडकण्याचं. जमिनीवरची धावपट्टी बिचारी जागच्या जागी पडून असते. जहाजावरची डुलते, वर-खाली होते आणि तुमच्यापासून लांबही पळते. शेपटीखालचा आकडा डेकवरच्या तारेत अडकला तर उतरलात. नाही अडकला, तर पुन्हा वर जायचं आणि परत यायचं. भीमराव असे कित्येकदा उतरले, दिवसा उतरले, अंधारातही उतरले.

त्यांच्या स्क्वाड्रनची एक रीत होती. रोज सकाळी सगळे जमले की आदल्या दिवशी ज्याच्या हातून काही चुकलं असेल त्यानं आपणहून उभं राहायचं. काय झालं, काय होऊ शकलं असतं आणि आता काय करायला हवं, एवढं सांगायचं आणि बसायचं. कुणी रागवायचं नाही, हसायचं नाही. मग चहा. शैलेंद्र नावाचा त्यांचा जिवलग दोस्त एकदाच गप्प बसला. त्याला दोन दिवस चक्कर येत होती. उड्डाण बंद होईल या भीतीनं तो मूग गिळून बसला आणि तिसऱ्या दिवशी मागच्या दोघांना घेऊन समुद्रात गेला. चकरेचं त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. तेव्हापासून ती रीत भीमरावांच्या हाडीमाशी खिळली. बायको शांताबाई हयात असताना दूध उतू गेलं तरी हे अहवाल द्यायचे. ती कपाळावर हात मारायची.

शांताबाई गेल्यावर मुलगा नरेश त्यांना सिंगापूरला घेऊन आला. आणि एक दिवस क्वीन्सटाउनला एका ओळखीच्यांना भेटून परतताना, एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, फलाटावर, भीमरावांच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं. कुठे आलोय, कुठे जायचंय, काहीच आठवेना. थोड्या वेळानं आपोआप सगळं परत आलं आणि ते व्यवस्थित घरी पोहोचले. कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी चमचा खाली ठेवला आणि सगळं रीतसर सांगून टाकलं.

स्क्वाड्रनमध्ये यानंतर चहा यायचा. इथे कुलूप आलं. मनगटावर एक घड्याळ आलं, त्यावरून सून एकताला ते कुठे आहेत ते कळे. ती घरूनच काम करायची, कानाला हेडफोन लावून, खोलीचं दार बंद करून. चावी तिच्याजवळ. भीमराव जाळीला नाक लावून कॉरिडॉरमधल्या कुंड्या बघायचे. जवळच्या पाया लेबारच्या हवाई तळावरून लढाऊ विमानं उडायची, त्यांच्या आवाजानं खिडकीच्या काचा थरथरायच्या. भीमराव मान वर करून बघायचे आणि पुन्हा जाळीशी यायचे. दिवस जाता जायचा नाही.

एकदा त्यांचा पारा चढलाच. नरेश जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर होता.

"तुमच्या प्लांटवर थोडक्यात टळलेला अपघात जो सांगतो, त्याला काय करता रे तुम्ही?"

"शाबासकी देतो, बाबा. बक्षीसही देतो."

"कोंडून ठेवत नाही ना?"

नरेशनं बूट काढता काढता मान खाली घातली. "तिथे सांगणारा माझा बाप नसतो, बाबा."

पोराचं प्रेम होतं, म्हणूनच तर सुटका नव्हती. दुष्ट मुलाशी भांडता तरी येतं.

त्यात गोव्याहून फोन आला. डिसेंबरात दाबोळीला जुन्या स्क्वाड्रनचा मेळावा होता. त्यांच्या वेळचे आता बोटांवर मोजण्याइतके उरले होते आणि पुढचा मेळावा बघायला कोण असेल ते सांगता येत नव्हतं. भीमरावांना जायचं होतं. नुसतं जायचंच नव्हतं, तर तिथून वास्कोच्या आपल्या जुन्या घरी जाऊन राहायचं होतं, स्वतःच्या हातानं दार उघडायचं आणि लावायचं होतं. परत यायचं नव्हतं. हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रीत चुका सांगायची होती, बेत सांगायची नव्हती!

नरेशनं बराच विचार करून कबूल केलं. नोव्हेंबर संपेपर्यंत पुन्हा तसं काही झालं नाही, तर तिकीट काढायचं.

भीमराव परीक्षेला बसल्यासारखे जगू लागले. गॅस दोनदा तपासायचे, औषधं वेळेवर घ्यायचे. सगळं इतकं सुरळीत चाललं, की एकतानंच सुचवलं, जाईला ट्यूशनहून आणायला बाबा जाऊ देत. जाई त्यांची नात, आठ वर्षांची. ट्यूशन समोरच्याच ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर. कुलूप उघडलं, आणि भीमराव लिफ्टमध्ये एकटेच आहेत हे बघून चक्क शीळ घालू लागले.

महिना संपायला आला होता त्या संध्याकाळी ते असेच ब्लॉकखालच्या बाकाजवळ उभे होते. मुलं बाहेर पडत होती. दोन वेण्यांची, पाठीवर मोठं दप्तर असलेली एक मुलगी धावत आली आणि तिनं त्यांचा हात धरला. भीमरावांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा गोड होता. अगदी अनोळखी होता.

"तू कोण गं?" त्यांनी विचारलं.

मुलगी खुदकन हसली. "आय अ‍ॅम द क्वीन ऑफ हौगांग!" म्हणाली आणि हात ओढत चालू लागली. ते निमूटपणे मागे गेले. लिफ्टपाशी आल्यावर एकदम आठवलं. जाई. आपली जाई. अंधारात जहाज दिसेनासं झालं होतं तेव्हाही एवढी भीती वाटली नव्हती. दारात एकतानं विचारलं, "सगळं ठीक ना, बाबा?" आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मान डोलावून वेळ मारून नेली.

जेवताना नरेश खुशीत होता. भाजी वाढून घेत म्हणाला, "उद्या तुमचं तिकीट काढतो, बाबा. खिडकीची जागा घेऊ ना?"

भीमराव चमच्यानं भात कालवत राहिले. तेवढ्यात जाई तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आजोबा सो फनी लाह! टुडे ही प्रिटेंड डोन्ट नो मी! मला विचारतात, तू कोण गं?"

सगळे हसले. एकता तर डोळे पुसेपर्यंत हसली. "बाबा, तुम्हीसुद्धा ना!"

झालं! सगळं आपसूक झाकलं गेलं. आता फक्त हसायचं होतं, बस्स. वास्कोच्या घराचं दार समोर उघडं दिसत होतं. पण त्यांना हेही दिसत होतं, की उद्या हीच पोर त्यांचा हात धरून रस्ता ओलांडणार होती. आणि तिचा हात धरायचा असतो हेच ते विसरले तर? विमानात आपण एकटे कधीच नसतो. शैलेंद्रच्या मागेही दोघं बसलेले होते.

भीमरावांनी चमचा खाली ठेवला आणि ते उभे राहिले.

"तो विनोद नव्हता," ते म्हणाले. "मी हिला ओळखलं नाही. लिफ्टपर्यंत ओळखलं नाही. ही माझ्यासोबत होती, काहीही होऊ शकलं असतं. हिला आणायला यापुढे मला पाठवू नका. आणि तिकीट काढू नकोस, नरेश."

नरेशनं डोळ्यांवर हात धरला. गोवा गेला, हे भीमरावांना उभं राहण्याआधीच ठाऊक होतं. त्याची त्यांनी मनाची तयारी केली होती.

जाई मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होती. हसू तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू गेलं.

"रिअली डोन्ट नो मी?" तिनं विचारलं.

"नाही, बाळा. तेवढ्या वेळापुरतं नाही ओळखलं."

"देन टुमॉरो हाऊ?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. कुठलाही आजोबा बोलला असता. पण भीमरावांना ते कुणी शिकवलंच नव्हतं.

"उद्याचं मला सांगता येत नाही," ते म्हणाले.

जाईनं आपली ताटली उचलली, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरून उतरली आणि जाऊन आईला चिकटून बसली.