कुठले काळे?

वसुधाने बटाटेवड्यांचा दुसरा घाणा काढला तेव्हा सासरे दिवाणखान्यातून पुन्हा विचारत होते, पाहुणे वाईचे काळे असतील की नगरचे?

सासऱ्यांना, म्हणजे डॉक्टर अरुणना, अमेरिकेत येऊन पन्नास वर्षं झाली होती, तरी आडनाव कानावर पडलं की गाव विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गावाच्या आडून ते काय विचारतात हे वसुधाला पुरतं ठाऊक होतं, आणि त्याचा तिला मनापासून वीट आला होता.

घोटाळा लेकीच्या, अंतराच्या मराठीने केला होता. शाळेच्या बास्केटबॉल संघाचे कोच कोण आहेत, असं आजोबांनी विचारलं. मोठ्यांना अरेतुरे करायचं नाही हे त्यांनीच नातीच्या डोक्यात भरलेलं. तिने मान देऊन सांगितलं, "कोच काळे आहेत." आजोबा हरखले. इथे प्लेनो गावच्या शाळेत मराठी कोच! त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्याकरवी रविवारच्या जेवणाचं आमंत्रण धाडलं.

वसुधाला हे सगळं आज सकाळी कळलं. सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. काळे-गोरे खेळाडू एका संघात येतात तो सिनेमा या गृहस्थांनी वीसेक वेळा पाहिला असेल, दर वेळी रुमाल ओला केला असेल, आणि शेजारचं घर एका काळ्या कुटुंबाने घेतलं तेव्हा हेच आठवडाभर पडदा सारून बघत बसले होते. बघू देत आता उघड्या डोळ्यांनी, असं तिला वाटलं.

बरोबर एक वाजता बेल वाजली. कोच आत आले, बूट काढून हात पुढे केला. अरुणनी तो घेतला आणि मान वळवून सुनेला हळूच विचारलं,

"हे काळे?"

"हो बाबा. काळेच."

वाईच्या नाहीतर नगरच्या क्रीडाप्रेमी काळ्यांसाठी अरुणनी तोच सिनेमा तयार ठेवला होता. गडबडून त्यांनी तो लावला. पडद्यावर दोन रंगांची मुलं एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि कोच दुसरा वडा उचलत शांतपणे वसुधाला म्हणाले,

"हा सिनेमा मला आजवर सात घरांनी दाखवलाय."

तिचे कान तापले. सिनेमा तुमच्या रंगासाठी लावलेला नाही, हे सांगायचं तर आम्ही तुम्हाला आपल्यातले समजलो होतो, हेही सांगावं लागणार. सासऱ्यांनी रिमोटमध्ये डोकं घातलं होतं. सगळं निस्तरायचं शेवटी तिनेच. वैतागून तिने सारं सांगून टाकलं, मराठीतल्या मानाच्या अनेकवचनासकट.

कोच इतके हसले की त्यांना ठसका लागला. अंतराकडून त्यांनी ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. मग पाणी पिऊन म्हणाले, म्हणजे आजोबा चुकले म्हणून मी इथे जेवतोय. नाहीतर?

वसुधा हसत सासऱ्यांकडे बघायला वळली. उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

पण अंतरा तिच्याचकडे बघत होती. पाहुण्यांना कळू नये असं काही असलं की मराठीत बोलायचं, ही सवय तिला घरानेच लावली होती.

"नाहीतर नेक्स्ट सीझन," ती म्हणाली. "टू इयर्स मी म्हणतेय कोचना बोलवू या, आणि मम्मा, तू दर वेळी नेक्स्ट सीझन म्हणतेस. आजोबांनी एका दिवसात बोलावलं."

दोन वर्षं वसुधा अंतराला सरावाला सोडताना या माणसाला गाडीची काच अर्धी खाली करून हात हलवत आली होती. ते काळे आहेत हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिची काही चूक झाली नव्हती.

"काय म्हणाली ती?" कोचनी विचारलं.

रिकामी प्लेट घेऊन वसुधा उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मग परत येऊन त्यांच्या समोर बसली, आणि अंतराचं वाक्य शब्द न् शब्द इंग्रजीत सांगू लागली.