म्हाताऱ्यासाठी सीडी मीच बनवली

मी लॅपटॉप बोलतोय. घाबरू नका, रडगाणं गाणार नाही. पण पोटातली जळजळ बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

जेमतेम दोन वर्षांचा आहे मी. भरतकामाच्या या छोट्या कारखान्यात मालकांच्या लेकीने मला आणलं. टेबलावर आधीच एक पिवळा पडलेला, घरघरणारा कॉम्प्युटर होता. त्याच्यावर मालकीणबाई डिझाइनं काढायच्या आणि मशीन ती कापडावर भरायचं. बाई गेल्या, पण त्यांनी शिवलेलं त्या म्हाताऱ्याचं आवरण मालक अजून दर आठवड्याला स्वतः धुतात. मला मात्र बाहीनेच पुसतात.

गेल्या महिन्यात म्हातारबुवा बंद पडले. खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता बाईंची डिझाइनं माझ्याकडे येणार! पण ती होती फ्लॉप्यांवर, आणि मला फ्लॉपीची फटच नाही. शिवाय डिझाइनांचा प्रोग्रॅम चालतो फक्त जुन्या सिस्टिमवर.

"बाबा, आपण नव्याने काढून घेऊ ना," लेक म्हणाली.

"आणि तुझ्या आईचा हात कुठून आणशील?" मालकांनी विचारलं. विषय संपला.

रिपेअरवाल्याने म्हाताऱ्याला दुसरी, कोरी डिस्क बसवली; तिच्यावर जुनी सिस्टिम पुन्हा भरायची होती. पण त्या सिस्टिमच्या सीडीवर चरे पडले होते. मग सिस्टिम इंटरनेटवरून उतरवून नवी सीडी बनवायला कुणाला जुंपावं? मला! सवतीचं बाळंतपण करायला लावावं, तशी माझी गत झाली.

सीडी अर्धी झाली आणि मालकांनी वीज वाचावी म्हणून सवयीने माझं झाकण मिटलं. मी झोपलो, सीडी वाया गेली.

"हल्लीच्या वस्तूंत दमच नाही," मालक म्हणाले. चूक त्यांची, बोल मला!

दुसरी सीडी नीट झाली. सिस्टिम भरताना म्हाताऱ्याने तिचा पंचवीस अक्षरांचा परवाना क्रमांक मागितला. त्याच्या पेटीवर चिकटवलेली क्रमांकाची चिठ्ठी पार पुसली होती. मालकांनी डोळे मिटले आणि क्रमांक धडाधड सांगितला.

"माझा वाढदिवस विचारला तर कॅलेंडर बघता!" लेक फणकारली. त्या क्षणी ती मला सख्खी वाटली.

"सिस्टिम बिघडून पुन्हा भरावी लागली, की दर वेळी तुझी आई मोठ्याने वाचायची गं. मी नुसतं टाइप करायचो."

लेकीने आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. सिस्टिम किती भरली ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी पूर्ण होईपर्यंत दोघं खुर्चीला खुर्ची लावून बसून होते.

मग डिझाइनांचा प्रोग्रॅमही चढला आणि पहिली फ्लॉपी आत गेली. पडद्यावर बदकांची रांग उमटली. मशीनने ती रुमालावर भरली, आणि मालक कितीतरी वेळ त्या बदकांवरून बोट फिरवत राहिले. मला इतका हेवा कधीच वाटला नव्हता.

"म्हाताऱ्याचा भरवसा नाही, बाबा," म्हणत लेकीने एक्केचाळीसच्या एक्केचाळीस डिझाइनांची प्रत पेनड्राइव्हने त्याच्यातून काढून माझ्यात ठेवली. मी ती जिवापाड सांभाळतो. पण त्यातलं एकही मला उघडता येत नाही.

मालक, तुम्ही त्याच्यापुढे बसाल तेव्हा एवढंच करा. माझं तोंड जरा त्याच्या पडद्याकडे वळवून ठेवा.