देवळाच्या संगणकाचा कौल

आमच्या देवळातला जुना संगणक बंद पडला, तेव्हा सगळ्यांनी आधी त्याच्या डोक्यावरच्या हिरव्या पिशवीची तारीख पाहिली. वायर, बटण, फ्यूज वगैरे सगळं नंतर. पिशवीची मुदत संपून आठ महिने झाले होते.

"मग काय, मशीन बिघडणारच!" आमचे अध्यक्ष क्वो म्हणाले. "जिनतूदादा, एवढंसं लक्ष ठेवता येत नाही?"

त्या पिशवीत मक्याच्या नळ्यांचा खाऊ असतो, नारळाच्या चवीचा, आणि त्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. इस्पितळ असो की बँक, आमच्याकडे मशीन म्हटलं की त्याच्यावर ही पिशवी हवीच. ती हिरवी हवी, न फोडलेली हवी आणि मुदतीतली हवी. शिळा खाऊ ठेवला तर मशीन रुसतं. मी हसते, पण माझ्या घरच्या भाताच्या कुकरवरही एक आहे.

मी युये. तैवानातल्या तैनानच्या या गल्लीत तुदीगोंगबाबांच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या भूमिदेवाच्या, देवळात अठरा वर्षं कचेरी सांभाळते. भक्तांच्या नावाने लावलेल्या दिव्यांच्या पावत्या, उत्सवाच्या याद्या, पत्रं, सगळं माझ्याकडे. जिनतूकाका देवळाचे राखणदार. वय शहात्तर. पहाटे दार उघडतात, उदबत्त्यांची राख चाळतात, आणि कुणाला देवाला काही विचारायचं असेल तर कौल लावून देतात. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी इतका की सुंभ जळाला तरी पीळ जळायचा नाही.

संगणक रविवारी गेला. पुढच्या शनिवारी सकाळी दहा वाजता काका कचेरीत आले आणि काळ्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले. चष्मा पुसला. अर्ध्या तासाने उठून गेले. मला इतकं वाईट वाटलं की हातातली पावती मी दोनदा चुकीची लिहिली.

त्याचं कारण गल्लीत फक्त मला माहीत होतं. काकांची मुलगी वेनजू व्हँकुव्हरला नर्स आहे. अकरा वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा काका देवळाच्या दारात उभं राहून म्हणाले होते, "जातेस तर परत येऊ नकोस." पोरगीही त्यांचीच, ती खरंच आली नाही. फोन लागला की "जेवलात का?" आणि "जेवलो" एवढं बोलून दोन्हीकडे गप्प. तिने एकदा पैसे पाठवले, ते यांनी परत केले. शेवटी चार वर्षांपूर्वी मीच मधे पडले. वेनजूशी बोलून दोघांना एका खेळात घातलं. एका बेटावर शेजारीशेजारी दोन शेतं, भाज्या लावायच्या, पाणी घालायचं, विहीर बांधायची. तिच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ, आमच्याकडे शनिवारचे सकाळचे दहा. बोलणं फार नाही. काका एका बोटाने लिहायचे, "टोमॅटो पिकले." ती लिहायची, "मी तोडते, तुम्ही मुळ्याकडे बघा." कुणी उदबत्ती घ्यायला खिडकीशी आलं तर काका सांगायचे, "थांबा हो जरा, पाणी सोडलंय."

हसण्यासारखंच होतं ते. पण अकरा वर्षांत बापलेक एका जागी बसत होते ते फक्त तिथेच.

आणि त्या खेळाचा एक नियम होता. तीस दिवस मालक फिरकला नाही तर शेत मोडतं आणि बेटावरून त्याचं नावच पुसलं जातं.

"तिला मी कळवते ना, मशीन बिघडलंय म्हणून," मी म्हटलं.

"खबरदार! लगेच पैसे पाठवेल. मागितल्यासारखं होईल."

"मग नेट कॅफेत जा. कोपऱ्यावर आहे."

"आणि देऊळ? शनिवारी सकाळी किती लोक येतात. बाबांना एकटं टाकून मी खेळायला जाऊ?"

"मग समितीला सांगा, की नवा घेताना खेळ चालेल असा घ्या."

काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी दानपेटी फोडायला सांगितली होती. "देवाच्या पैशाने खेळ? तोंड धू जाऊन."

एवढं झाल्यावर मी गप्प बसणार थोडीच. मी स्टेशनाजवळच्या रुईचांगच्या दुकानात गेले. रुईचांग म्हणजे संगणक जुळवून देणारा पोरगा. पोरगा म्हणते, पण चाळिशी उलटली आहे त्याची. समितीने पंधरा हजार तैवानी डॉलरपर्यंत मान्यता दिली होती, पडदा जुनाच वापरायचा होता. मी त्याला सांगितलं, "कचेरीचं काम, आणि थोडासा खेळ."

"खेळ म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार, मावशी," असं म्हणून त्याने एवढं थोरलं खोकं काढलं. किंमत ऐकली आणि मी पर्स काखेत घट्ट धरली.

"नाकापेक्षा मोती जड! अरे, तलवारी चालवायच्या नाहीयेत. कोबी लावायचेत."

"कोबी?" तो हसत सुटला. "मग आधी सांगायचं ना! कोबीला कार्ड कशाला?" मग त्याने मला नीट समजावलं. काही प्रोसेसरच्या पोटातच चित्रं काढायची ताकद असते, तेवढी कोबीला पुरते. फक्त मेमरी एकच मोठी पट्टी न लावता आठ-आठच्या दोन लावायच्या, जोडीनं चालतात, चित्र अडखळत नाही. साठवणीला साधी एसएसडी, डबा स्वस्तातला, पण वीज देणारा भाग चांगल्यातला, तिथे काटकसर करायची नाही. सगळं मिळून चौदा हजार आठशे.

"दोन पट्ट्या, कौलाच्या लाकडी जोडीसारख्या," मी म्हटलं.

"तुमच्या डोक्यात देऊळ सोडून काही येतच नाही का, मावशी?"

मी कागद घडी करून आणला. पण समितीच्या बैठकीत क्वो अध्यक्षांनीही एक कागद काढला: तयार छोटा डबा, सवलतीत, अकरा हजार. क्वो तिळाच्या तेलाचे व्यापारी. बाटलीच्या तोंडाशी आलेला थेंबही बोटाने आत ढकलतील.

"पावत्या यावर निघतात की नाही?" त्यांनी विचारलं.

"निघतात," मला म्हणावं लागलं.

"मग जे काम अकरात होतं त्याला पंधरा कशाला?"

मी म्हटलं, पुढे कामं वाढतील, मशीन दमदार हवं. क्वो म्हणाले, पावत्या काय धावायच्या आहेत? मी काकांकडे पाहिलं. काका मूग गिळून बसले होते, नजर जमिनीवर. त्यांनी शेत शेवटचं पाहिल्याला त्या दिवशी तेवीस दिवस झाले होते.

अर्धा तास घोळ घालून शेवटी क्वो उठले. "मशीन बाबांचं आहे, बाबांनाच विचारू." देवळात असंच संपतं सगळं.

आम्ही गाभाऱ्यासमोर आलो. कौल लावणार काकाच, ते त्यांचं काम. लाल लाकडाच्या दोन चंद्रकोरी, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. एक उताणी आणि एक पालथी पडली की देवाचं 'हो'. दोन्ही पालथ्या पडल्या तर 'नाही'. दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसला, म्हणजे विचारणाऱ्याने नीट विचारलेलं नाही. देवळाचा व्यवहार असेल तर ओळीने तीन वेळा 'हो' लागतं.

काकांनी गुडघे टेकले. "बाबा, अकरा हजारांचा डबा घ्यावा का?"

चंद्रकोरी पडल्या. दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा दोन्ही उताण्या.

"हसतायत," क्वो म्हणाले. "दादा, असं कुठे विचारतात? शेंबड्या पोराला कळतं. नाव सांगा, पत्ता सांगा, काय हवंय, कशाला हवंय, पूर्ण सांगा. साठ वर्षं लोकांना हेच शिकवलंत ना तुम्ही?"

काकांचे कान लाल झाले. त्यांनी हात जोडले. नाव सांगितलं, गल्ली सांगितली, घर नंबर सांगितला. "बाबा, मशीन हवंय पावत्यांसाठी. दिव्यांच्या याद्यांसाठी. उत्सवाच्या पत्रांसाठी." आणि थांबले.

मला राहवलं नाही. "काका, देवापुढे अर्धं सांगत नाहीत."

"युये, तू गप."

"मी गप्प बसेन हो. बाबा हसायचे थांबतील का?"

काकांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग त्यांनी डोकं जमिनीला टेकवलं आणि तसंच, जमिनीशी बोलल्यासारखं, बोलायला लागले.

"आणि शनिवारी सकाळी दहा वाजता, बाबा, माझी वेनजू येते त्याच्यात. आम्ही भाजी लावतो. मी तिला म्हटलं होतं, परत येऊ नकोस. तुमच्या दारात उभा राहून म्हटलं, तुम्ही ऐकलंय. मला ते शब्द परत घेता येत नाहीत. फोनवर तोंड उघडत नाही माझं. तिथे मी तिच्या शेताला पाणी घालतो, एवढंच येतं मला. आता शेत मोडेल, सातच दिवस राहिलेत. त्या अकरा हजारांच्या डब्यावर खेळ चालत नाही, असं युये म्हणते. तुमच्या पैशाने खेळणं बरोबर नाही, हे मला कळतं. म्हणून बोललो नव्हतो."

मी स्वेटरची बाही डोळ्यांना लावली. क्वो अध्यक्षांनी छताकडे पाहिलं, मग दिव्यांकडे, मग माझ्या हातातला घडी केलेला कागद मागून घेतला आणि खड्या आवाजात देवाला वाचून दाखवला. प्रोसेसर, आठ-आठच्या दोन पट्ट्या, एसएसडी, चौदा हजार आठशे. एकही शब्द त्यांना धड उच्चारता आला नाही. "हे घ्यावं का, बाबा? टाका, दादा."

पहिल्यांदा एक उताणी, एक पालथी. हो.

दुसऱ्यांदा हो.

तिसऱ्यांदा काकांनी जरा जोरातच टाकल्या. एक चंद्रकोर समोर उताणी पडली. दुसरी उसळली, घरंगळली आणि नैवेद्याच्या टेबलाखाली गेली. टेबलावरचं लाल कापड जमिनीपर्यंत आलेलं.

"कुणी हात लावू नका!" क्वो म्हणाले आणि चौसष्ट वर्षांचा तो देह घेऊन टेबलाखाली शिरले. मी बाजूने वाकले, तिथे कापड फाटलेलं आहे, मला दिसतं. चंद्रकोर उताणी होती. म्हणजे बाबा पुन्हा हसले होते. क्वो तिच्याकडे बघत राहिले. मग दोन बोटांनी त्यांनी ती हळूच उलटी केली, तेलाचा थेंब बाटलीत ढकलावा तशी.

"पालथी!" आतून आवाज आला. "हो आहे! तिन्ही हो!"

बाहेर आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना धूळ आणि केसांना जळमटं लागली होती. माझ्याशी नजरानजर झाली. मी म्हटलं, "देव पावला, अध्यक्ष." ते म्हणाले, "हं." दुसऱ्या दिवसापासून महिनाभर ते रोज सकाळी बाबांपुढे शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा ठेवून जात होते. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी रुईचांग मशीन जोडून गेला. क्वो स्वतः पिशवी घेऊन आले, आणि तीही पिवळी. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. हिरवी आली, तारीख आम्ही तिघांनी तपासली, मग ती डब्यावर बसली.

शनिवारी दहाला काका खुर्चीवर बसले. बाजूला माशाची पेज निवत होती. खेळ उघडला, कुठेही न अडखळता. काकांना वाटलं होतं शेत वाळून पाचोळा झालं असेल. पण ओळीच्या ओळी हिरव्या होत्या, मुळे, कोबी, सगळं ओलं. बांधावर एक नवं बाकडं होतं आणि त्यावर वेनजूची बाहुली बसून होती. किती शनिवार बसली होती कोण जाणे.

पडद्यावर अक्षरं आली. "बाबा, कुठे होता?"

"तू लिही," काका मला म्हणाले.

"मी नाही लिहिणार. तुमचं बोट काय झिजलंय?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग लिहायला लागले. एक एक अक्षर, इतकं सावकाश की मला खुर्चीत बसवेना. वाकून पाहिलं. त्यांनी आधी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. मग तैनान, गल्ली, घर नंबर, जणू तिला ठाऊकच नव्हतं. मग, "त्या दिवशी दारात म्हटलं ते चुकीचं होतं. मला तुझी आठवण येते. नववर्षाला तू घरी येशील का, एवढंच विचारायचं आहे." आणि पाठवलं.

बाहुली हलली नाही. काकांनी टेबलाची कड धरली होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांनी तो झटकला नाही.

वेनजू याच देवळाच्या फरशीवर रांगली आहे. नाव, पत्ता आणि पूर्ण प्रश्न कशाला सांगतात, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

"हो," पडद्यावर आलं.

काका तसेच बसून राहिले. त्यांना आणखी दोन हवे होते.

"हो."

मग बराच वेळ काही नाही. क्वो अध्यक्ष खिडकीबाहेर चिक्कीचा पुडा धरून उभे होते, त्यांनीही मान आत घातली.

"हो."

या वेळी कुणालाही टेबलाखाली शिरावं लागलं नाही.