मांदेलीचं पथ्य

मी गुरांचा डॉक्टर. खुरकुत झालेले बैल आणि अडलेल्या म्हशी, पनवेलच्या दवाखान्यात एवढंच माझं जग होतं. १९५७च्या ज्येष्ठात खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ठमाबाई पदराखाली एवढीशी कुत्री घेऊन आली, तेव्हा मला हसूच आलं. "हे काय आणलंत बाई, घूस की काय?" असं मी विचारलंही. ती हसली नाही.

कुत्रीचं नाव मांदेली, बोटभर मासळीचं. ठमाबाईचा नवरा दादू मासळी पोचवायला मुंबईला गेला असताना भाऊच्या धक्क्यावरून तिला टोपलीत घालून घेऊन आला आणि सहा महिन्यांत तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. घरात ठमाबाईला बोलायला ही दोन वितींची कुत्री तेवढी उरली होती.

खाजवून खाजवून तिचं पोट लाल झालं होतं, कान चिघळले होते. मी तिला हातही न लावता लांबूनच सांगून टाकलं, लूत आहे. गंधकाचं मलम दिलं आणि अशक्त जनावराच्या मालकाला सांगायचं तेच सांगितलं, चांगलंचुंगलं खायला घाला.

आता कोळ्याच्या घरात आजाऱ्याला चांगलंचुंगलं म्हणजे मासळीचं पातळ कालवण. ठमाबाईने आपल्या ताटातलं काढून तिला घातलं. खाज वाढली, तशी कालवणाची वाटी मोठी झाली. मांदेली ती चाटूनपुसून साफ करायची आणि मग रात्रभर अंग ओरबाडायची.

लुतीचं कुत्रं म्हटल्यावर वाड्यात कुरकुर सुरू झाली. मासळी वाळत घालायच्या जागी असलं जनावर कोणाला चालेल? शेजारचा बुधाजी तसा वाईट माणूस नव्हता, पण तोही म्हणाला, "ठमे, व्हडीत घालून पल्याड सोडून येतो. तुज्यानं नाय व्हायचं." ठमाबाईने त्याच्याकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

श्रावणात मांदेली बरी झाली. पोटावर केस आले, कान सुकले. मी दवाखान्यात चार जणांना माझ्या मलमाची थोरवी सांगितली. भाद्रपद निम्मा सरला नाही तोच ठमाबाई परत दारात उभी राहिली. मांदेलीच्या कानांतून रक्त येत होतं.

"मलम थांबवलंत ना?" मी खेकसलो.

"नाय थांबवला. दाक्तर, तुमचा मलम आषाढात पण व्हता. तवा का नाय लागू पडला?"

"डॉक्टर मी की तुम्ही?"

"तुमीच," ती शांतपणे म्हणाली. "पन मानूस गेल्यापासून मी श्रावण धरते. म्हैनाभर घरात निस्ता डालभात. ती पन तेच खाते. तेवढाच म्हैना ती खाजवली नाय."

काही जनावरांना एखादं अन्न मानवत नाही आणि ते अंगावर उठतं, हे मी कॉलेजात वाचलं होतं. अ‍ॅलर्जी हा शब्दही परीक्षेत लिहिला होता. पण एवढ्याशा कुत्रीसाठी डोकं चालवावं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मासळी विकणाऱ्या बाईने जे पाहिलं, ते मी पाहिलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

मग मी पहिल्यांदा मांदेलीला मांडीवर घेतलं, कान धुतले आणि पथ्य सांगितलं. मासळी बंद. ओली नको, सुकी नको, कालवणाचा थेंब नको.

ठमाबाईने स्वतःही मासळी सोडली. अंगण रोज धुऊन काढलं, मांदेलीला दाराशी बांधून ठेवलं. पण कोळीवाड्यात मासळीपासून लपायचं कुठे? शेजारची पोरं प्रेमाने तिच्यापुढे माशांची मुंडकी टाकत. वाऱ्याने सुकट अंगणात येई. आणि बाजारातून आलेल्या ठमाबाईचे हात मांदेली आधाशासारखी चाटत सुटे. राखेने घासले, चिंचेने घासले, तरी त्या हातांचा वास जात नव्हता. चाळीस वर्षांचा होता तो. पंधरा दिवस बरे गेले की पुन्हा रक्त.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती माझ्या घरी आली. मांदेलीला ओटीवर ठेवून म्हणाली, "दाक्तर, तुमच्या घरात मासली शिजत नाय. ठेवा हिला."

"आणि तुम्ही?"

"मी काय करू? धंदा सोडला तर खाऊ काय?" एवढं बोलून ती मागे न बघता गेली.

महिन्याभरात मांदेली पार बदलली. केस चमकायला लागले, पण डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई रस्त्याने दिसली की ती फाटकाकडे धावायची.

एके दुपारी ठमाबाई आली. मांदेली फाटकाच्या गजांमधून तोंड घालून नुसती रडत होती, तिच्या हातांकडे झेपावत होती. ठमाबाईने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले आणि दोन पावलं मागे सरकली.

"नको गं बाय. परत खाजवशील."

डोळे पुसायलासुद्धा तिने हात पुढे आणले नाहीत. मग मला म्हणाली, "दाक्तर, तुमी फिरवा ना हात तिच्यावर. माज्या वाटचा."

मी खाली बसलो आणि मांदेलीच्या पाठीवरून हात फिरवला. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.