सुट्टीच्या दिवशी चालणारा पंखा

मित्रांनो, मी दगडाच्या कारखान्यातला धूळ ओढणारा पंखा आहे. मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. पण झिजलेला म्हणू नका. झिजायला आधी काम करावे लागते, आणि मी उभ्या आयुष्यात खरे काम फार थोडे केले. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि ती ऐकायला गोड नाही.

माझा जन्म पत्र्याच्या मोठ्या कारखान्यात झाला. पोटात दांडगी मोटर, अंगाला बारा नळ्या आणि पाठीमागे कापडाची लांब पिशवी असा माझा थाट होता. बारा कारागिरांसमोर एकेक नळीचे तोंड. दगड घासताना उडणारी बारीक धूळ मी ओढायची आणि पिशवीत कोंडायची. ती धूळ छातीत गेली की परत निघत नाही, म्हणून माझा खटाटोप. कपाळावर एक छोटे मीटरही होते. मी किती तास चाललो ते त्यावर दिसे.

त्या वेळी सरकारने एक योजना काढली होती. जो मालक कामगारांची आणि हवेची काळजी घेईल, त्याला असे यंत्र निम्म्या किमतीत आणि करात सवलत. अट एकच होती. मीटरवर वर्षाला निदान पाचशे तास दिसले पाहिजेत. योजनेच्या बाई स्वतः मला बसवायला आल्या होत्या. मनाने चांगल्या, कामाला चोख. त्यांनी कारागिरांना गोळा करून मी कशासाठी आहे ते समजावून सांगितले. मालकांनी हार घातला, फोटो निघाला. माझी तर छाती फुगली होती.

तिथे एक कारागीर होता. त्याने घासलेल्या दगडी पायऱ्यांत तोंड दिसे, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. माझ्याकडे बघून तो म्हणाला, हा पाहुणा आपल्यापेक्षा जाड दिसतोय. सगळे हसले. मलाही तो तेव्हाच आवडला.

पण दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. मी सुरू झालो की दगड घासणाऱ्या ग्राइंडरना वीज कमी पडे आणि चाकांचा वेग उतरे. कारागिरांना मजुरी नगावर. दुपारपर्यंत रोजच्या निम्म्याही पायऱ्या झाल्या नाहीत. तेव्हा उस्ताद उठला आणि त्याने माझे बटण बंद केले. हो, त्यानेच. घरी मुलगी शाळेत जाणारी होती, तिची आई नव्हती. त्याला काय नावे ठेवणार? मालकांनी पाहिले आणि कानाडोळा केला.

मग मीटरचे काय करायचे? त्यावरही तोड निघाली. उस्ताद आठवड्याच्या सुट्टीला एकटा येई, मला सकाळी सुरू करी आणि दहा तासांनी बंद करी. त्या दिवशी कारखान्यात चिटपाखरू नसे. सगळी चाके थांबलेली आणि मी आपला स्वच्छ हवा ओढतोय. रिकाम्या ताटावर बसून घास घेतल्याचे सोंग करावे, तशी माझी गत. वर्षाला पन्नास सुट्ट्या, पाचशे तास. वहीत 'पंखा चालवला, पिशवी साफ केली' असे लिहून तो खाली सही करी.

खरे सांगू? ते दिवस मला आवडायचेही. त्याची मुलगी बरोबर येई आणि दाराशी बसून अभ्यास करी. उस्ताद फडक्याने माझी एकेक नळी पुशी. "चाल बाबा, तुझ्यामुळे मला बसायला मिळतं," असे म्हणे. एवढ्या प्रेमाने मला कुणी पुसले नाही. पुढे योजनेतर्फे 'स्वच्छ कारखाना' अशी पाटी मिळाली. ती माझ्या डोक्यावरच लावली. बाकी सहा दिवस त्या पाटीखाली बाराही जण पांढरेफटक होऊन दगड घाशीत.

सात वर्षांनी उस्तादला खोकला लागला. आधी तो हसण्यावारी नेई. मग त्याला एक पायरी घासताना तीनदा थांबावे लागू लागले आणि एक दिवस त्याची जागा रिकामी राहिली. मुलगी एव्हाना दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसत होती. धुळीने आजारी पडलेल्या कामगाराला त्याच योजनेतून औषधपाणी आणि पेन्शन मिळते, हे तिने शोधून काढले आणि बापाच्या नावाने अर्ज केला. त्या अर्जावरच त्याचा श्वास अडकला होता.

चौकशीला त्याच बाई आल्या. मुलगी बापाला धरून घेऊन आली. दारापासून माझ्यापर्यंत वीस पावले, पण उस्ताद दोनदा टेकला. बाईंनी मीटर वाचले, वही चाळली आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पंखा साडेतीन हजार तास चाललाय. मग धूळ तुमच्या छातीत गेली कुठून?"

मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण मला तोंडे बारा असली तरी बोलता एकानेही येत नाही. मुलगी मात्र पुढे झाली आणि तिने माझी पिशवी सोडली. पहिल्या अर्ध्या दिवसाची धूळ केव्हाच झटकली गेली होती आणि आतले कापड कोरे होते. बनवणाऱ्याचा शिक्कासुद्धा पुसला नव्हता. मालक घाईने म्हणाले, पिशवी दर आठवड्याला साफ होते, वहीत लिहिलेले आहे. बाकीचे अकरा जण आपापल्या चाकाकडे बघू लागले.

उस्तादने दम घेतला. "वही खोटी आहे, मॅडम. सही माझीच आहे. सुट्टीला मी याला रिकामाच चालवायचो. आणि कामाच्या दिवशी बंद करणाराही मीच."

मुलगी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. त्या सुट्ट्यांना ती दाराशी बसून कविता पाठ करायची. तिला वाटायचे, बाबा यंत्राची राखण करतात.

महिन्याभराने कारखान्यात योजनेचे पत्र आले. हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींनी ते सगळ्यांना वाचून दाखवले. अर्जदाराने यंत्र स्वतः बंद ठेवले आणि खोट्या नोंदी केल्या, म्हणून अर्ज नामंजूर. मालक दंड भरून मोकळे झाले. पाटी उतरली. त्यानंतर सोळाव्या दिवशी उस्ताद गेला.

पुढच्या आठवड्यात बाई वायरमनला घेऊन आल्या. त्याने माझ्यासाठी वेगळी जाड वायर ओढली आणि बटणांची अशी जोडणी केली की मी सुरू झाल्याशिवाय एकही ग्राइंडर फिरू नये. चाकांचा वेग आता जराही उतरत नाही. वायरमनला या कामाला अर्धा दिवस लागला. बाई कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. सात वर्षांपूर्वी हे कुणी विचारलेच नव्हते, त्यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर काम केले. संध्याकाळी उस्तादच्या शेजारी बसणाऱ्या कारागिराने माझी पिशवी सोडली आणि बारदानावर रिकामी केली. दोन बादल्या भरतील एवढी धूळ निघाली, पिठासारखी मऊ. अकराही जण भोवती उभे राहिले.

"ही एका दिवसाची?" एकाने विचारले.

इतकी वर्षे ती कुठे जात होती, हे प्रत्येकाला कळले होते. मग एक जण खोकला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे शेवटी तुम्हाला विनवतात, आमची निगा राखा. मी तसे म्हणणार नाही. माझी निगा भरपूर राखली गेली, आणि राखणारा गेला. तुम्ही मोठे व्हाल, कुणी मालक व्हाल, कुणी तपासणीला जाल. तेव्हा माझ्या अंगाची चमक पाहू नका, कपाळावरचा आकडाही वाचू नका. आधी पिशवी उघडा. ती कोरी निघाली, तर तिथे कोण खोकते आहे ते बघा.